‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ : घरच्यांच्या आठवणी नोंदवायच्या कशा

२६ जुलै (२००५ चा पूर), ११ जुलै (२००६ चे रेल्वेतले स्फोट), २६ नोव्हेंबर (२००८ चा दहशतवादी हल्ला). मुंबईत नुसती तारीख उच्चारली की समोरचा माणूस सांगायला लागतो. कुठली गाडी धरली होती, कुठे अडकलो, घरी किती वाजता पोचलो. हे सांगणं वर्षानुवर्षं चालू असतं, पण लिहून कोणी ठेवत नाही. ठेवायचं मनात आलंच तर बहुतेक जण घटनेबद्दलच लिहून मोकळे होतात : स्फोट किती झाले, माणसं किती गेली, पकडलं कोणाला. ते सगळं वर्तमानपत्रांत आहे. मावशीने ती रात्र कुर्ल्याच्या कुठल्या शाळेत, कोणाशेजारी बसून काढली, हे फक्त तिला ठाऊक आहे. नोंदवायचं आहे ते हे.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. अशी आठवण लख्ख असते, पण लख्ख आहे म्हणून ती बरोबर असतेच असं नाही. १९८६ साली २८ जानेवारीला अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कुठे, कशी कळली’ ते लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांचं एकही मुख्य उत्तर जुन्या कागदाशी जुळलं नाही, आणि तरीही त्यांतल्या काहींना आपल्या आठवणीची पुरेपूर खात्री होती. स्वतःच्याच हस्ताक्षरातला कागद दाखवूनही मूळ आठवण परत आली नाही. आणखी एक गोष्ट दिसली : पहिल्या कागदावर टीव्हीचं नावही नसलेल्या कित्येकांनी नंतर ‘टीव्हीवरच पाहिलं’ असं लिहिलं. हा टीव्ही पुढे आपल्यालाही छळणार आहे.

म्हणून सगळ्या कामाचा एकच नियम : सांगितलेलं आणि तपासलेलं कधी एकत्र मिसळायचं नाही. दोन वेगळे कागद, दोन वेगळ्या फाइली.

आधी स्वतःचं लिहा

दुसऱ्याला विचारायला जाण्यापूर्वी आपली आठवण लिहून काढा, नाहीतर त्यांचं ऐकता ऐकता तुमची बदलते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. अर्धा तास पुरतो. गूगल नाही, जुने फोटो नाहीत, बायकोला ‘अगं, तेव्हा आपण कुठे राहायचो?’ असं विचारणंही नाही.

काय लिहायचं यासाठी ब्राउन आणि कुलिक यांनी १९७७ मध्ये केलेली विभागणी अजूनही कामाची आहे. तुम्ही कुठे होता, काय करत होता, बातमी कोणाकडून कळली, तुम्हाला काय वाटलं, आजूबाजूच्यांचं काय झालं, आणि लगेच पुढे काय घडलं. मुंबईकरांसाठी त्यात सातवा प्रश्न घालायचा : घरी कसे आणि किती वाजता पोचलात? आपल्याकडे अर्धी आठवण त्या प्रवासातच असते.

लिहून झालं की प्रत्येक वाक्यापुढे समासात एक अक्षर टाका. स्वतः पाहिलं-ऐकलं असेल तर ‘स्व’, तेव्हाच कोणी सांगितलं असेल तर ‘ऐ’, नंतर टीव्हीवर किंवा पेपरात पाहिलेलं असेल तर ‘नं’, आणि सांगता येत नसेल तर प्रश्नचिन्ह. पहिल्या झटक्यात सगळीकडे ‘स्व’ पडतो. दुसऱ्यांदा वाचताना निम्म्या जागी हात अडखळतो, आणि तेच हवं आहे. खाली आजची तारीख, सही. यापुढे या कागदावर खाडाखोड करायची नाही.

विचारायचं कसं

एका वेळी एकच माणूस. आईवडिलांना एकत्र बसवलंत की वडील सांगणार, आई मध्येच ‘अहो, तेव्हा नाही, ते नंतर’ म्हणणार, आणि ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण उरणार. दोघांचं वेगवेगळं रेकॉर्ड करा. मग हवं तर तिसऱ्या दिवशी एकत्र बसवा. ते भांडणही ऐकण्यासारखं असतं.

सुरुवात घटनेपासून करू नका. ‘आजी, त्या दिवशी सकाळी उठल्यापासून सांग’ असं म्हणा. डबा काय होता, पाणी किती वाजता आलं, पास कुठपर्यंतचा होता. या बारीकसारीक गोष्टींवरून माणूस सरळ त्या दिवसात शिरतो. ‘तू घाबरली असशील ना?’ हा प्रश्न वर्ज्य, कारण त्यात उत्तर आधीच भरलेलं आहे. ‘मग?’ एवढाच प्रश्न पुष्कळदा पुरतो. ती थांबली तर तुम्हीही थांबा; मनात दहा आकडे मोजा. बहुतेकांना ही शांतता सोसत नाही आणि ते पुढचा प्रश्न टाकतात. खरी गोष्ट नेमकी त्या शांततेनंतर येणार असते. सांगताना तारीख चुकली, स्टेशन चुकलं, तरी दुरुस्त करायचं नाही. एकदा टोकलंत की पुढचं सगळं ती तुम्हाला विचारून विचारून सांगणार.

रेकॉर्डिंगला फोन चालतो, पण तो विमान मोडवर टाका, कारण मध्येच कॉल आला तर काही फोनवर रेकॉर्डिंग तुटतं. फोन घडी घातलेल्या नॅपकिनवर ठेवा, म्हणजे टेबलावर कप ठेवल्याचा दणका येत नाही. तोंडापासून हातभर अंतर पुरे. पंखा एकवर, खिडकी बंद, कुकर आधीच उतरवलेला. सुरुवातीला तुमचं नाव, त्यांचं नाव, आजची तारीख, जागा आणि ‘रेकॉर्ड करू ना?’ हे बोलून घ्या. त्यांचा होकारही आवाजात राहतो. एक तासाची एम-फोर-ए (आवाज दाबून लहान केलेली) फाइल १२८ केबीपीएसला साधारण ५८ एमबी होते, ४८ किलोहर्ट्झची १६ बिट मोनो वेव्ह (न दाबलेली) साधारण ३४५ एमबी. जागा असेल तर वेव्ह. व्हॉट्सॲपवरून पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एका बैठकीत ४५ मिनिटं पुरेत. शब्दन् शब्द उतरवायला तासाच्या बोलण्यामागे चार ते सहा तास धरून चाला.

तपासायचं कशावरून

इथे खरी मजा आहे, आणि घाई इथेच नडते.

पहिला पुरावा घरातच असतो. कालनिर्णयाची जुनी पानं कोणी माळ्यावर ठेवली असतील तर सोनंच. चौकटीत दुधाचा खाडा, गॅस लागल्याची तारीख, ‘बाई आली नाही’ असं पेन्सिलीने लिहिलेलं असतं. दूध त्या दिवशी आलं होतं की नाही एवढ्यावरून दोन दिवसांची गल्लत सुटते. त्यानंतर जुने रेल्वे पास, ऑफिसचं हजेरीपुस्तक, बँकेचं पासबुक, रोलच्या कॅमेऱ्यातल्या फोटोंवर छापलेली तारीख.

मग वार आणि सण. १२ मार्च १९९३, मुंबईतल्या बॉम्बस्फोटांचा दिवस, शुक्रवार होता. २६ जुलै २००५ आणि ११ जुलै २००६, दोन्ही मंगळवार. २६ नोव्हेंबर २००८ बुधवार. ‘सुट्टी होती म्हणून घरी होतो’ असं कोणी म्हटलं तर सुट्टी कसली, ते विचारा. रजा असू शकते, कामाची शिफ्ट वेगळी असू शकते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, आणि आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. ‘विसर्जनाहून आलो आणि सकाळी बातमी कळली’ हे गिरगावकराचं सांगणं म्हणून पटण्यासारखं आहे. भूजचा भूकंप २६ जानेवारी २००१ चा, सकाळी पावणेनऊच्या सुमाराचा. तिथे झेंडावंदनाची आठवण जोडून आली तर नवल नाही. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावरची चेंगराचेंगरी २९ सप्टेंबर २०१७ ची, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची. तेव्हा ऑफिसला जाणाऱ्या बाईला त्या दिवशीचा नवरात्रीचा रंग विचारून पाहा. साडीचा रंग आठवला की डब्यातल्या मैत्रिणी आठवतात, आणि बातमी कोणी सांगितली तेही.

तिसरी गोष्ट जागा. २६ जुलैच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३ च्या आसपास. म्हणून फोर्टात नोकरी करणारे काका ‘दुपारी पाऊस काही विशेष नव्हता हो’ म्हणाले तर ते चुकत नाहीयेत. कलिन्यात गळाभर पाण्यात उभी असलेली त्यांची भाचीही चुकत नाहीये. तसंच ११ जुलैचं. सात स्फोट संध्याकाळी ६.२४ ते ६.३५ या अकरा मिनिटांत झाले, सगळे पश्चिम रेल्वेच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत. मध्य रेल्वेवरच्या मुलुंडला राहणारा माणूस ‘मला साडेसहालाच कळलं’ म्हणाला तर शेजारी प्रश्नचिन्ह टाका. वेळ ही आठवणीतली सगळ्यात कच्ची गोष्ट. घड्याळातली वेळ विचारण्यापेक्षा ‘अंधार पडला होता का?’, ‘बातम्या लागून गेल्या होत्या का?’ असं विचारावं.

आणि आता टीव्ही. १२ मार्च १९९३ ला दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजारात पहिला स्फोट झाला आणि पुढचे दोन तास शहरभर स्फोट होत राहिले. तेव्हा चोवीस तासांची भारतीय वृत्तवाहिनी नव्हती, खिशात मोबाइल नव्हता. ‘टीव्हीवर लाइव्ह पाहत होतो’ ही आठवण दुसऱ्याच कुठल्या दिवसाची आहे. झी २४ तास आणि स्टार माझा २००७ मध्ये सुरू झाल्या, म्हणजे रेल्वेतल्या स्फोटांच्या वेळी त्या नव्हत्या, २६/११ ला होत्या. त्या रात्री ‘एबीपी माझा लावला’ असं कोणी म्हटलं तर मात्र ती चूक नव्हे : वाहिनी तीच, फक्त हे नाव २०१२ पासूनचं. तीच गोष्ट व्हीटी, सीएसटी, सीएसएमटी या एकाच स्टेशनच्या नावांची. सांगणाऱ्याच्या तोंडचं नाव तसंच ठेवा. १९९३ च्या बाबतीत आणखी एक मिसळ हमखास होते. डिसेंबर १९९२-जानेवारी १९९३ च्या दंगलींतली संचारबंदी, दुधासाठीची धावपळ, गच्चीवरचे पहारे मार्चच्या स्फोटांना चिकटतात. ‘स्वेटर घातला होता का?’ हा प्रश्न तिथे कामाला येतो, मुंबईत जेवढी थंडी पडते तेवढीच्या हिशेबाने.

इंदिरा गांधींवर ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. मृत्यूची बातमी आकाशवाणीने अधिकृतपणे दिली ती संध्याकाळी. बीबीसीने त्याआधीच दिली होती. तेव्हा ‘दुपारीच कळलं’ म्हणणाऱ्याला कोणाकडून, हे जरूर विचारा. राजीव गांधींची हत्या २१ मे १९९१ च्या रात्री दहानंतर झाली. वर्तमानपत्र पाहायचं ते २२ तारखेचं, आणि लवकर छापून गावी जाणाऱ्या डाक आवृत्तीत ती बातमी नसू शकते, हे ध्यानात ठेवा. जुने अंक चाळायला दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी ही दोन ठिकाणं. कुठल्या वर्षाचे अंक वाचकांना देतात, ते आधी फोन करून विचारा.

तपासून न जुळलेली आठवण फेकून द्यायची नाही. खुद्द नायसरना आठवायचं, की ७ डिसेंबर १९४१ ला रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत असताना पर्ल हार्बरची बातमी आली. डिसेंबरात बेसबॉल नसतोच, म्हणून त्यांनी ती आठवण खोटी ठरवली. पुढे दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं, की त्या दिवशी अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता आणि त्यातल्या दोन्ही संघांची नावं बेसबॉलच्या संघांसारखीच होती. तेव्हा शेरा ‘खोटं’ असा नको, ‘२००६ ला ही वाहिनी नव्हती, कदाचित २००८’ असा लिहा, तोही दुसऱ्या कागदावर.

जपून

जो स्वतः स्फोट झालेल्या डब्यात होता किंवा ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याच्याकडे ही प्रश्नावली घेऊन जाऊ नका. तो आपणहून बोलला तर ऐका, रेकॉर्डिंगचं नंतर विचारा. बोलताना हात कापायला लागले, श्वास भरून आला, नजर एका जागी खिळली, तर तिथेच थांबा, पाणी द्या, दुसरा विषय काढा, आणि लगेच उठून जाऊ नका. पुढचे काही दिवस झोप उडाली तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे.

१९९२-९३ च्या आठवणींत शेजाऱ्यांची नावं येतात : कोणी लपवलं, कोणी दार लावून घेतलं. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ती राहू द्या. बाहेर द्यायच्या प्रतीत नाव, मजला, चाळ सगळं काढा. नुसतं नाव काढून भागत नाही. ‘दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी’ म्हटलं की अख्ख्या वाडीला कळतं. फॅमिली ग्रुपवर तर मूळ फाइल टाकूच नका.

फाइलचं नाव घटनेच्या तारखेने सुरू करा, वर्ष आधी : २००५-०७-२६, मग सांगणाऱ्याचं नातं, मग रेकॉर्डिंगची तारीख. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या घरी. छापील प्रत सांगणाऱ्याच्या हातात द्या, मोठ्या टाइपात, समास रुंद सोडून. आठवड्याभरात ‘अगं, ते एक सांगायचं राहिलंच’ असा फोन हमखास येतो. ते आधीच्या मजकुरात घुसडू नका. नव्या तारखेची नवी फाइल करा, आणि ते प्रत वाचल्यावर आठवलंय, एवढं वर लिहून ठेवा.