आत्याबाईला मिशा असत्या तर… : जर-तरचा इतिहास कसा लिहावा

‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं’ असं म्हणून आपण जर-तरचा विषय तिथेच मोडीत काढतो. पण शिस्तीत मांडला, तर घडलेलं समजून घ्यायला हा खेळ फार कामाचा आहे. उदाहरण घेऊ : जर्मनीचे परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाऊ यांचा खून टळला असता तर?

१. एकच गोष्ट बदला, तीही लहान.

‘जर्मनी महायुद्ध हरलाच नसता तर’ असं सुरू केलंत, तर पुढे काहीही खपतं. त्यापेक्षा २४ जून १९२२ची सकाळ घ्या. शनिवार. आदल्या रात्री अमेरिकी राजदूतांकडे युद्धभरपाई म्हणून द्यायच्या कोळशाचा विषय निघाला, उद्योगपती श्टिन्नेस यांना बोलावून घेतलं गेलं आणि बोलता बोलता उत्तररात्र झाली. राटेनाऊ बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड भागातल्या घरातून उघड्या मोटारीने कचेरीला निघाले. वळणावर त्यांची गाडी मंदावली, दुसरी मोटार शेजारी आली. तिच्यातल्या मारेकऱ्यांपैकी केर्नने सबमशीनगन चालवली, फिशरने हातबॉम्ब टाकला. राटेनाऊंनी पोलीस संरक्षण नाकारलं होतं. समजा, नाकारलं नसतं. बस, एवढंच बदलायचं.

२. मारेकऱ्यांनाही जिवंत ठेवा.

हे बहुतेक जण विसरतात. मारेकऱ्यांची ‘ऑर्गनायझेशन कॉन्सुल’ ही अतिउजवी गुप्त संघटना तशीच राहते. तिच्या माणसांनी ऑगस्ट १९२१मध्ये माजी अर्थमंत्री एर्त्सबर्गर यांना गोळ्या घातल्या होत्या. ४ जून १९२२ला माजी सरकारप्रमुख शाइडेमान यांच्यावर प्रुसिक आम्ल हे जहाल विष फवारलं गेलं, ते वाचले. एक सकाळ हुकली म्हणून ही मंडळी घरी बसली नसती.

३. आधीपासून वाहणारं पाणी मोजा.

‘राटेनाऊ गेले आणि मार्क (जर्मन चलन) कोसळला’ हे अर्धंच खरं. एका डॉलरला जूनमध्ये सरासरी ३१७ मार्क पडत, जुलैत ४९३, ऑगस्टमध्ये १,१३५. खुनाने विश्वास उडाला, यात शंका नाही. पण १० जूनलाच, म्हणजे खुनाच्या दोन आठवडे आधी, पॅरिसमधल्या बँकरांच्या समितीने सध्याच्या स्थितीत जर्मनीला मोठं कर्ज मिळणं शक्य नाही, असं सांगून टाकलं होतं. १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची युद्धभरपाई डोक्यावर होतीच. घसरण कदाचित सावकाश झाली असती. टळली असती, असं मला वाटत नाही.

४. खुनामुळे जे मिळालं, ते वजा करा.

हा हिशेब मनाला पटत नाही, पण करावा लागतो. दुसऱ्या दिवशी चान्सेलर (सरकारप्रमुख) विर्ट यांनी संसदेत उजव्या बाजूकडे हात करून शत्रू तिथे उभा असल्याचं सांगितलं. लाखो लोक रस्त्यावर उतरले, जुलैत प्रजासत्ताक-संरक्षण कायदा झाला. राटेनाऊ जिवंत असते, तर हा कायदा तेव्हा झाला असता का?

५. साखळीची प्रत्येक कडी ओढून बघा.

एक मोहक कडी : खुनानंतरच्या अस्थिर वातावरणात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक टाळून ऑक्टोबर १९२२मध्ये संसदेने राष्ट्राध्यक्ष एबर्ट यांची मुदत जून १९२५पर्यंत वाढवली. खून टळला असता, तर लोकांनी निवडलेले एबर्ट सात वर्षं राहिले असते आणि पुढे हिटलरला चान्सेलर नेमणारे हिंडेनबुर्ग १९२५मध्ये त्या पदावर आलेच नसते! पण एबर्ट फेब्रुवारी १९२५मध्ये अपेंडिक्सच्या दुखण्याने गेले. राटेनाऊ वाचल्याने एबर्ट यांचं अपेंडिक्स बरं होत नाही. कडी तुटली.

६. त्या माणसाचा हात खरोखर जिथे पोचत होता, तिथेच खणा.

जानेवारी १९२३मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य जर्मनीच्या रूर या कोळसा-उद्योगाच्या भागात घुसलं, ते लाकूड आणि कोळसा वेळेवर पोचला नाही, हे निमित्त करून. त्या लाकडात तारयंत्राचे खांबही होते. आणि रोखीऐवजी मालाने भरपाई फेडायचा करार ऑक्टोबर १९२१मध्ये वीसबाडेनला फ्रान्सचे मंत्री लूशर यांच्याशी कोणी केला होता? राटेनाऊंनीच. विर्ट यांचं सरकार नोव्हेंबरात पडलं, त्यामुळे राटेनाऊंचं मंत्रिपद बहुधा तेव्हा गेलंच असतं. तरी खांबांची आणि कोळशाची ही भानगड पॅरिसला जाऊन मिटवू शकेल, असा माणूस बर्लिनमध्ये असता. तुमचा ‘तर’ इथून सुरू करा आणि १९२३च्या उन्हाळ्यापर्यंत आणून थांबवा. हिटलर सत्तेवर आला त्या १९३३पर्यंत ओढलात, तर पुन्हा आत्याबाईच्या मिशा आल्या.