दुबईला जाताना बॅग कशी भरावी: आधी खसखस बाहेर काढा

पासपोर्ट, व्हिसा, तिकीट तयार आहे असं धरते. सांगलीहून लेकीकडे दुबईला माझ्या नऊ खेपा झाल्या. दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "घरचं खाणं आहे, कोण बघतंय?" बघतात.

सगळ्यात आधी डबे तपासा. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातली बी. आपल्याकडे वाण्याकडे मिळते, पण अमिरातीत तिला बंदी आहे, सिंगापूरलाही चालत नाही. सुटी पुडी सहसा कुणी नेत नाही. घोळ होतो तो फराळात आणि मसाल्यात. कांदा-लसूण मसाल्यात ती भाजून कुटलेली असते, करंजीच्या सारणात असते, अनारशाच्या तर एका अंगाला चिकटलेलीच असते. दुसऱ्या खेपेला मी दिवाळीचे अनारसे नेले. कस्टमच्या माणसाने एक उलटा केला, नखाने दोन-चार दाणे खरवडून कागदावर घेतले आणि आम्हाला बाजूला बसवलं. चार तास. अनारसे गेले, आम्ही सुटलो. पण पंच्याहत्तरीच्या सासूबाईंचे हात थरथरत होते, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून न्यायचा मसाला वेगळा करा, खसखशीऐवजी तीळ आणि खोबरं वाढवा. डंकावर देऊ नका. आधीच्या गिऱ्हाइकाच्या मसाल्याचे दाणे त्यात राहतात. घरी मिक्सर स्वच्छ पुसून त्यावरच वाटा. विकतचं पाकीट असेल तर मागचे घटक वाचा. "चिमूटभर चालते" असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका, तिथे त्याला कुणी बोलावणार नाही, उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. भडंग, हळद, बेदाणे मी दर वेळी नेते. पान, सुपारी, गुटखा घरीच ठेवा.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. ट्रामाडॉलच्या (दुखणं थांबवणाऱ्या) गोळ्या किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध लागत असेल, तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी निघण्याआधी घ्या.

तिथे मेट्रोत खाऊ-पिऊ नका, 100 दिरहम दंड आहे. अनोळखी माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो न विचारता काढू नका. मशिदीत खांदे-गुडघे झाकलेले हवेत, बायकांचं डोकंही.

आणि निघायच्या आदल्या रात्री शेजारीपाजारी "एवढं आमच्या पोराला द्या" म्हणत चिकटपट्टी लावलेला डबा आणून देतात. तो त्यांच्यासमोर उघडा. वाईट वाटलं तरी वाटू दे. उघडू देत नसतील तर घेऊ नका.