बक्षिसाची तार पोचली, पण बसेना!

आमच्या व्हायोलिन-सतारीच्या क्लासचं महिन्याचं न्यूजलेटर मीच काढते, शेवटी एक सोपा प्रश्न असतो आणि बरोबर उत्तरांतून चिठ्ठी काढून तारांचा सेट बक्षीस. पहिल्याच महिन्यात गोंधळ, एका आईने तीन ईमेलवरून तीन उत्तरं पाठवली (हौस हो!) आणि जिंकलेल्या पोराकडे हाफ साईझ व्हायोलिन, मी पाठवलेला सेट फुल साईझचा. पुढच्या वेळी जिंकलेल्याला ई तार (व्हायोलिनची सगळ्यात बारीक तार) बॉल एंडची, म्हणजे टोकाला छोटा गोळा असलेली गेली, त्याच्या फाइन ट्यूनरला (सूर बारीक जुळवायच्या स्क्रूला) लूप एंड, म्हणजे टोकाला फास असलेली लागत होती. सतारवाल्यांचं वेगळंच, बाजाची तार (ज्यावर मुख्य वाजवतात ती) कुणाला 3 नंबर जाडीची तर कुणाला 4.

मग गूगल फॉर्म केला. वाद्य, साईझ, तारेचा नंबर आणि व्हायोलिन असेल तर फाइन ट्यूनरचा जवळून फोटो कंपल्सरी. एका विद्यार्थ्याची एकच एंट्री, ईमेल कितीही असू देत. चिठ्ठी आता क्लासमध्येच, सगळ्यात लहान पोराच्या हातून काढतो आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकतो, त्यामुळे "तुमच्याच ओळखीतले जिंकतात" हे बंद झालं. सुटी तार पाकिटात दुमडून पाठवू नका, मुरड पडली की गेली, गोल गुंडाळून पुठ्ठ्याला टेप लावते मी.