लेखकाची प्रकट मुलाखत कशी घ्यावी (आणि दुसरा प्रश्न कसा विचारावा)

पुस्तक पूर्ण वाचलंय, हे मी धरून चालते. वाचलं नसेल तर मुलाखत दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारा आणि तुम्ही आभारप्रदर्शन घ्या; तेही कुणीतरी करावंच लागतं. ठाण्यात आणि नवी मुंबईत गेली चौदा-पंधरा वर्षं मी लेखकांच्या मुलाखती घेतेय. वाचनालयात, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, एकदा तर कोपरखैरण्याच्या लग्नाच्या हॉलवर, शेजारच्या हॉलमध्ये हळद दणक्यात चालू असताना. एवढ्या वर्षांत मिळालेल्या सल्ल्यांपैकी बहुतेक कुचकामी निघाले. ‘लेखकाला आधी मोकळं करा, बालपणापासून सुरुवात करा’ हा त्यातला सगळ्यात वाईट. बालपणात शिरलेला लेखक पाऊण तास तिथून बाहेर येत नाही, आणि ज्या पुस्तकासाठी बोलावलं त्याच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं येतात.

तारीख, जागा, खुर्च्या

२७ फेब्रुवारीच्या आसपास, मराठी भाषा गौरव दिनामुळे, बोलणारा लेखक रिकामा सापडत नाही. त्या आठवड्याचा नाद सोडा. गणपती ते दसरा ढोल असतात. रविवार ठरवलात तर मेगाब्लॉक बघा. लेखक दादरहून येणार असो की पनवेलहून ट्रान्सहार्बरने, ब्लॉकच्या दिवशी तो घामाघूम पोचतो आणि पहिली वीस मिनिटं त्याचा जीव ठिकाणावर नसतो. शनिवार संध्याकाळ बरी.

सोफा नको, माणूस त्यात रुततो. साध्या दोन खुर्च्या, एकमेकींकडे थोड्या तिरक्या. माईक दोन, वेगवेगळे. मानधनाचं पाकीट आधी द्या, नंतर नाही. दीपप्रज्वलन, सत्कार, परिचय मिळून दहा मिनिटांच्या आत. झालं.

आधीचा फोन

‘प्रश्नावली पाठवता का?’ असं लेखक विचारतो. पाठवू नका. मी दोनदा पाठवली. दोन्ही वेळा लेखक खिशातून घडी घातलेले कागद काढून उत्तरं वाचायला लागला. एकाने तर माझा प्रश्न पूर्ण व्हायच्या आतच सुरुवात केली. विषय सांगा: ‘तुमच्या कादंबरीतल्या दुसऱ्या भागाबद्दल बोलायचंय, भाषेबद्दल बोलायचंय, आणि त्या शेवटाबद्दल थोडं भांडायचंय.’ भांडायचंय म्हटलं की बहुतेक जण खूश होतात. कोणत्या विषयाला हात लावायचा नाही तेही याच फोनवर विचारून घ्या आणि शब्द पाळा.

आणखी एक: पुस्तकातला कोणता उतारा वाचायला सांगणार आहात तो पान क्रमांकासकट कळवा, आणि त्या पानाची मोठ्या अक्षरातली झेरॉक्स सोबत ठेवा. चष्मा विसरलेल्या लेखकाने पहिल्या रांगेतल्या आजोबांचा चष्मा मागून घेतलेला मी पाहिलाय. प्रेक्षकांना मजा आली, उताऱ्याचा मात्र बळी गेला.

प्रश्न किती

हिशेब साधा आहे. दीड तासाचा कार्यक्रम, त्यातली दहा मिनिटं सोपस्कारात, वीस मिनिटं प्रेक्षकांची. उरली साठ. एका विषयावर नीट बोलणं व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात. म्हणजे सहा विषय, फार तर सात. पंचवीस प्रश्नांची यादी घेऊन बसणारे मुलाखतकार मला तिकीट तपासनिसासारखे वाटतात. पुढच्याकडे जायची घाई.

पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात घ्या आणि तीनच जागी खूण करा: जिथे तुम्ही वैतागलात, जिथे एखादा शब्द अनपेक्षित वाटला, आणि जिथे लेखकाने काहीतरी गाळलंय असा संशय आला. प्रश्न तिथेच असतात. ‘लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली?’, ‘आजच्या तरुणांना काय संदेश द्याल?’ हे प्रश्न विचारायचे नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ नंतर यात आणखी एकाची भर पडली आहे: ‘अभिजात दर्जामुळे काय फरक पडला?’ लेखक बिचारा काय सांगणार? त्याला कादंबरीबद्दल विचारा.

पहिला प्रश्न सोपा असतो: उतारा वाचून घ्या आणि त्यातल्याच एका वाक्याबद्दल विचारा.

आता दुसरा प्रश्न

इथे मी स्वतः पाच वर्षं आपटले, म्हणून सविस्तर सांगते.

ठाण्यातलाच एक हॉल, भरलेला. लेखक ज्येष्ठ, मितभाषी. मी बावीस प्रश्न लिहून नेले होते. सहाव्या प्रश्नाच्या उत्तरात ते सहज म्हणाले, ‘ते प्रकरण मी तीन वेळा लिहिलं आणि तिन्ही वेळा फाडलं.’ मी मान डोलावली, ‘वा, छान’ म्हटलं, आणि कागदाकडे बघून सातवा प्रश्न विचारला. पात्रांच्या नावांबद्दलचा काहीतरी फुटकळ प्रश्न होता. कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या रांगेतल्या एक बाई चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आल्या. ‘चांगलं झालं हो. पण फाडलं का ते विचारलंच नाहीत तुम्ही.’ एवढंच बोलून त्या बिस्किटं घ्यायला गेल्या.

ज्या गावात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, जिथे २०१० साली ८४वं साहित्य संमेलन भरलं, तिथल्या दुसऱ्या रांगेला कमी लेखू नये. त्या रांगेने पुस्तक तुमच्याआधी वाचलेलं असतं. तुम्ही काय सोडून दिलंत ते तिला बरोबर कळतं.

पहिलं उत्तर नेहमी तयार असतं. लेखकाने ते प्रकाशन समारंभात दिलेलं असतं, वर्तमानपत्राला दिलेलं असतं, घरी जेवताना दिलेलं असतं. त्यात त्याची चूक नाही. तोच प्रश्न दहा जणांनी विचारला तर दहा वेगळी उत्तरं कोण देईल? पण त्या तयार उत्तरात एक शब्द चुकून निसटलेला असतो. ‘फाडलं’ तसा. तो पकडणं म्हणजे दुसरा प्रश्न. तो घरून लिहून नेता येत नाही, म्हणूनच अवघड.

तो पकडायचा कसा, तर सगळ्यात आधी कागदाकडे बघणं बंद करा. माझ्या मुलाखतींची रेकॉर्डिंग बघताना हे मला फार उशिरा दिसलं: माझी नजर कागदावर गेली की लेखक दोन वाक्यांत आवरतं घेतो. त्याला वाटतं, हिला पुढे जायचंय. आता मी विषयांची नावं सहा कार्डांवर एकेक शब्दात लिहिते आणि कार्डं मांडीवर पालथी ठेवते. पाहायची वेळ क्वचितच येते.

मग शब्द परत करा. लेखक म्हणाला ‘फाडलं’, तर तुम्ही फक्त म्हणा, ‘फाडलं?’ नाहीतर ‘म्हणजे?’ मराठीत ‘म्हणजे?’ एवढा स्वस्त आणि गुणी प्रश्न दुसरा नाही. त्यापुढे स्वतःचं स्पष्टीकरण जोडू नका. ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की लेखकाची स्वतःशीच एक झुंज असते आणि…’ असा प्रश्न केलात की लेखक ‘हो, अगदी’ म्हणून मोकळा होतो. उत्तर तुम्हीच दिलेलं असतं.

‘का’ हा शब्द जपून वापरा. ‘का’ विचारलं की लेखक सिद्धांत सांगायला लागतो. ‘कधी’, ‘कुठे’, ‘आधीच्या खर्ड्यात काय होतं’ असं विचारलं की गोष्ट सांगतो. ‘तिसऱ्यांदा फाडलंत तेव्हा टेबलावर काय उरलं होतं?’ हा प्रश्न मी आता विचारला असता. आता चौदा वर्षं उशीर झाला.

वैचारिक पुस्तक असेल तर खुबी जरा वेगळी. तिथे लेखकाचं मत सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे मत विचारण्यात अर्थ नाही. ‘याआधी तुमचं मत वेगळं होतं का, आणि कशाने बदललं?’ हे विचारा. किंवा: ‘तुमच्या विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता, आणि तो तुम्ही कुठे खोडलाय?’ प्रामाणिक लेखक इथे थांबतो, विचार करतो. आणि मुद्दा फार हवेत गेला तर खाली ओढा: ‘ऐरोलीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे कसं लागू होतं, सांगा.’ दोन पानांमध्ये विसंगती सापडली असेल तर पान क्रमांकासकट मांडा, आवाज न चढवता. पुस्तक हातात उघडं असलं की भांडण वैयक्तिक होत नाही.

आता शांतता. लेखक थांबला की लगेच बोलू नका. मनात चारपर्यंत मोजा. सभागृहात चार अंक भयंकर लांब वाटतात. मागे कुणीतरी खोकतं, आयोजक पडद्याआडून हात हलवायला लागतात. हलवू द्या. लेखकाचं चांगलं वाक्य बहुतेक वेळा तीन आणि चारच्या मध्ये येतं. या वेळात पाण्याचा घोट घेऊ नका, कारण तो घेतलात की लेखकही घेतो आणि विषय तिथेच बुडतो. ‘छान’, ‘क्या बात है’ हेही गिळा. दाद दिली की उत्तर संपतं. स्वतःचा अनुभव तर चुकूनही नको. ‘माझ्याही बाबतीत असंच झालं’ असं म्हणणारा मुलाखतकार मी होते, आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये लेखक माझं ऐकत छताकडे बघताना दिसतो.

हे सगळं स्टेजवर शिकायचं नाही, घरी शिकायचं. घरातल्या मोठ्या माणसाला पकडा. मी मावशीला धरलं: गिरगाव सोडून नौपाड्यात का आलात, एवढा एक प्रश्न, आणि पुढे मला फक्त तीन शब्दांची परवानगी: ‘म्हणजे?’, ‘मग?’, ‘कधी?’. ती कहाणी मी लहानपणापासून ऐकलेली, तीन मिनिटांची: चाळीत जागा पुरेना, काकांना इथे ब्लॉक मिळाला. त्या दुपारी ती एक्केचाळीस मिनिटं चालली. सतराव्या मिनिटाला मावशी म्हणाली, ‘जागेचं काय, जागा पुरली असती.’ मी ‘म्हणजे?’ म्हटलं आणि गप्प बसले. पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही, पण दुसरा प्रश्न म्हणजे काय ते मला त्या सोफ्यावर कळलं. (सोफा चालतो, घरी.)

एक सावधगिरी मात्र. खोदणं आणि छळणं यातला फरक लेखकाच्या हातांवर दिसतो. तो माईक एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला लागला, घड्याळाशी खेळायला लागला, तर सोडून द्या आणि पुढच्या विषयाकडे वळा. एकदा मी सोडलं नाही. उत्तर मिळालं, पण त्या लेखिकेने नंतर माझा फोन उचलला नाही, आणि तिचं बरोबर होतं.

संबोधनाचं सांगायचं राहिलं. जुनी मैत्री असली तरी स्टेजवर अरे-तुरे नको. प्रेक्षकांना आपण दुसऱ्याच्या घरात डोकावतोय असं वाटतं. ‘तुम्ही’ आणि जोडीला सर, ताई, जे त्या व्यक्तीला आवडत असेल ते.

प्रेक्षकांचे प्रश्न

चिठ्ठ्या. यावर मी वाद घालत नाही. माईक फिरवला की ‘माझा प्रश्न नाही, थोडं मनोगत आहे’ म्हणणारे काका उभे राहतात. फिरवायचाच असेल तर माईक स्वयंसेवकाच्या हातात राहू दे, काकांच्या नको. सह्यांच्या रांगेतही प्रत्येकाला चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहायला सांगा. ‘ऋ’ की ‘रु’, ‘ण’ की ‘न’ हे प्रत्येक वेळी विचारण्यात लेखकाचा निम्मा वेळ जातो.

छापायची असेल तर

दुसऱ्याच दिवशी लिहायला घ्या, चेहरे आठवत असताना. एका तासाच्या बोलण्याचे सहा-सात हजार शब्द होतात आणि उतरवायला चार-पाच तास लागतात. फोनवरची आपोआप लिहून देणारी सोय वापरा, पण पूर्ण ऐकून तपासा. ती विशेषनामांची वाट लावते.

मसुदा लेखकाला दाखवावा की नाही, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. ‘पॅरिस रिव्ह्यू’ या इंग्रजी वाङ्मयीन नियतकालिकाने १९५३ पासून लेखकांच्या मुलाखती छापल्या आणि त्यांच्याकडे लेखकाला मजकूर दुरुस्त करू द्यायची पद्धत आहे. पण त्यांच्या काही मुलाखती कित्येक बैठकांत झालेल्या असतात. आपल्याकडे एक शनिवार असतो. मी दाखवते, मात्र सांगून: नावं, साल, तपशील दुरुस्त करा, बोलणं इस्त्री करू नका. तरी काही जण करतात. ‘फाडलं’च्या जागी ‘पुनर्लेखन केले’ असं येतं. तेव्हा ईमेल करत बसू नका. फोन करा आणि त्यांचंच वाक्य त्यांना रेकॉर्डिंगवरून ऐकवा. बहुतेक जण हसतात आणि म्हणतात, राहू दे.