दंगलीत अडकलेल्या परदेशातल्या मित्रांसाठी प्रार्थना कशी करावी

आधी नावं लिहून काढा, वहीत, स्वतःच्या हाताने. आमच्या सोलापूरच्या चर्चच्या भगिनी मंडळात मी सुरुवातीला "दक्षिण सुदानच्या शांतीसाठी" अशी विनंती द्यायचे. मग "माझी मैत्रीण, तिची आई, गुरं राखणारा तिचा धाकटा भाऊ" असं सांगू लागले, तेव्हा मावश्या भावाचं वय विचारू लागल्या, पुढच्या बुधवारी आपणहून त्याची आठवण काढू लागल्या. माणूस डोळ्यांपुढे आला की प्रार्थनेत जीव येतो.

ही नावं मंडळीतच, म्हणजे चर्चच्या लोकांतच ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव, जमात आणि गाव एकत्र टाकू नका, तो मेसेज कुठे पोहोचेल सांगता येत नाही. म्हणून इथेही लिहीत नाही. ही मैत्रीण आणि तिकडचाच आणखी एक मित्र, दोघं पुण्यात माझ्या वर्गात होती. ती नुएर, तो डिंका, या तिथल्या दोन मोठ्या जमाती. दोघं एकाच डब्यातून माझ्या घरची शेंगा चटणी खायची.

भांडण कशाचं आहे ते नीट समजून घ्या, नाहीतर प्रार्थना भलत्याच गोष्टीसाठी होते. २०११ मध्ये दक्षिण सुदान हा सुदानपासून वेगळा होऊन स्वतंत्र देश झाला. जुलै २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर यांनी उपराष्ट्राध्यक्ष रिक माचार यांना पदावरून काढलं. कीर डिंका, माचार नुएर. १५ डिसेंबरला राजधानी जुबात सैनिकांचीच आपसात चकमक उडाली आणि सत्तेचं भांडण जमातींवर आलं. जुबात नुएर लोकांना घरोघर शोधून मारलं गेलं. दारात जमात विचारायचे, कुठली भाषा येते ते बघायचे. आपल्या गल्लीत एका घरात तेलुगू, शेजारी कन्नड, पलीकडे उर्दू बोलतात. त्या दारांकडे बघून मला जुबासाठी काय मागायचं ते कळलं. मैत्रिणीचे घरचे संयुक्त राष्ट्रांच्या तळावर आसऱ्याला गेले. त्याच महिन्यात बोर शहरात डिंका मारले गेले आणि मित्राचं कुटुंब होडीतून नाईल ओलांडून मिंगकामानला पोचलं.

म्हणून दोन्ही नावं एका दमात घ्या. हे सगळ्यात अवघड आहे आणि इथेच वेळ द्या. एका बाजूचं दुःख ऐकलं की मन आपोआप दुसऱ्या बाजूला शाप देऊ लागतं. मंडळातल्या एका मावशींनी मला सरळ विचारलं, "मारणाऱ्यांसाठी कशाला गं प्रार्थना?" मी म्हटलं, मावशी, बंदूक धरलेली कितीतरी पोरं शाळेत असायच्या वयाची आहेत, त्यांच्याही आया रात्री जाग्या असतात. आता त्या आयांसाठी मावशीच प्रार्थना करतात. मी "अमक्यांचा विजय होवो" असं कधीच मागत नाही. हात थांबू दे, रस्ता उघडा राहू दे, शेजाऱ्याला शेजारी लपवायचं धैर्य येऊ दे, असं मागते.

वेळ ठरवून घ्या. जुबा आपल्या साडेतीन तास मागे आहे. आपल्याकडे रात्री साडेनऊला जेवणं उरकतात, तेव्हा तिथे सहा वाजून अंधार पडायला लागतो. घाबरलेल्या घराला रात्रीची सुरुवात जड जाते, म्हणून मी तीच वेळ धरली.

ताटातली भाकरीही आठवणीला पुरते. त्यांचंही मुख्य धान्य ज्वारी, तिची आंबवलेली पातळ पोळी करतात, तिला किस्रा म्हणतात. पेरणीच्या दिवसांत पळावं लागलं तर पुढचं वर्ष उपाशी जातं. फेब्रुवारी २०१७ मध्ये लीर आणि मायेनदित या भागांत दुष्काळ जाहीर झाला, त्यामागे लढाई हेच मोठं कारण होतं. गोळीबार थांबावा एवढंच मागून थांबू नका. बियाणं मिळावं, पेरायला माणूस घरी असावा, हेही मागा.

व्हिडिओ पुढे पाठवू नका, प्रार्थनेच्या नावाखालीही नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुदानच्या वाद मदनी शहरात दक्षिण सुदानी लोकांच्या हत्येचे व्हिडिओ पसरले आणि जुबात सुदानी दुकानदारांवर हल्ले झाले. सरकारने फेसबुक, टिकटॉक काही दिवस बंद केलं.

बातम्या थांबल्या तरी वही बंद करू नका. कीर आणि माचार यांच्यातला २०१५ चा शांतता करार जुलै २०१६ मध्ये मोडला, २०१८ मध्ये नवा झाला, आणि मार्च २०२५ मध्ये माचार यांना नजरकैदेत टाकलं. आमच्याकडे गड्ड्याची जत्रा येते-जाते, तिकडचा माणूस मात्र अजून छावणीतच असतो. तुम्ही सिद्धेश्वराला हात जोडत असाल, दुआ मागत असाल, तरी हे सगळं तसंच लागू आहे.

मित्राला मेसेज करताना "काय झालं?" असं विचारू नका. "आज रात्री तुझ्या आईचं नाव घेतलंय, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल," एवढंच लिहा. उत्तर आलंच, तर ते मंडळीत वाचण्याआधी त्याला विचारून घ्या.