रानात करिअर करायचंय? सातारा-सांगलीच्या मुलामुलींनी या चुका टाळा

"रान आवडतं, नेमही चांगला आहे, शिकारीच्या लाईनमध्ये काही करता येईल का?" असं विचारणारी मुलं पाटणच्या खोऱ्यात, शिराळ्यात, माणदेशात आजही भेटतात. बाहेरच्या देशांत शिकारीचे गाईड, परवाने, सामानाच्या कंपन्या असा मोठा धंदा आहे, आणि मोबाईलवर त्याचेच व्हिडिओ दिसतात. आपल्याकडे तो धंदा नाही. त्याच्या आड येतो तो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करायची वाटही बंद झाली.

तरीही रात्री सशाला वाघर म्हणजे जाळं लावायचं, घोरपड धरायची आणि वर व्हिडिओ टाकायचा, हे चालूच असतं. घोरपड या कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं कैद आहे, आणि व्हिडिओ टाकणाऱ्याने पुरावा स्वतःच्या हाताने दिलेला असतो. त्याआधीच, नुसता गुन्हा नोंद झाला तरी वनखातं, पोलीस, सैन्य अशी कुठलीही भरती चारित्र्य पडताळणीत अडकू शकते. घरटी एक जवान देणाऱ्या आपल्या भागात याचा अर्थ काय होतो, हे प्रत्येकाला कळतं.

मात्र जुन्या शिकाऱ्यांच्या घरातलं ज्ञान वाया घालवू नका. ठसा ताजा की कालचा, विष्ठा कुणाची, उन्हाळ्यात कुठला झरा जिवंत राहतो, हे ज्याला कळतं त्याची रानात खरी गरज आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची वाघीण चांदोलीत आणली गेली. गस्त, कॅमेरा ट्रॅप (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे), ठशांच्या नोंदी या कामांना घाटमाथ्याची वाट पायाखालची असलेली माणसंच लागतात. गावातल्या वन समितीत जाऊन बसा, वनरक्षकाशी ओळख ठेवा. स्थानिक गाईडच्या कामाची खबर पहिल्यांदा तिथेच मिळते.

भरतीत नुसतं पळून भागत नाही

२०२३ च्या वनरक्षक भरतीत मुलांना ५ किलोमीटर आणि मुलींना ३ किलोमीटर धावायचं होतं, म्हणून अनेकांनी वर्षभर फक्त धावण्याचाच सराव केला. पण ग्राउंडची वेळ लेखी परीक्षेनंतर येते. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा, ही अट सर्वसाधारण उमेदवाराला लागू होती. अकॅडमीची फी भरण्याआधी आपली बारावीची गुणपत्रिका आणि मागची जाहिरात शेजारी ठेवून वाचा. लेखीत राहिला असाल तर सकाळचं धावणं तसंच चालू ठेवून संध्याकाळचे दोन तास मराठी व्याकरण आणि बुद्धिमत्ता चाचणीला द्या.

दुसरा गैरसमज कुंडलचा. पलूस तालुक्यातली वन प्रबोधिनी हे फी भरून प्रवेश घ्यायचं कॉलेज नाही. तिथे निवड झालेल्या वनाधिकाऱ्यांना शिकवतात. आपल्या राज्यात त्या नोकरीची वाट लोकसेवा आयोगाच्या वनसेवा परीक्षेतून जाते. कुणी "कुंडलला सीट मिळवून देतो" म्हणाला तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

शंभर गड फिरलो म्हणजे लीडर झालो, असं नाही

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या चुकीची, कारण इथे दुसऱ्याचा जीव हातात असतो. इन्स्टावर पेज काढायचं, पोस्टर टाकायचं, चाळीस जणांची बॅच घेऊन निघायचं. वासोटा किल्ल्याचंच घ्या. बामणोलीहून बोटीने शिवसागर जलाशय ओलांडायचा, वनखात्याची नोंद करायची, मग दाट रानातून चढ. अंधाराआधी बोटीवर परत यायलाच हवं. चाळिसातला एक जण गुडघा धरून बसला तर त्याच्याजवळ कोण थांबणार आणि बाकीच्यांना खाली कोण आणणार, हे निघण्याआधी ठरलेलं असावं. आग्या मोहोळाखाली कुणी अत्तर मारून आलाय का, सिगारेट पेटवतोय का, हे बघणं लीडरचं काम. रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं असेल तर प्रत्येकाच्या हार्नेसचा (कमरेला बांधायच्या पट्ट्यांचा) पट्टा बकलातून परत मागे ओवून पक्का केलाय का आणि कॅरॅबिनरचा (दोर अडकवायच्या कडीचा) स्क्रू बंद आहे का, हे हात लावून तपासायचं. दोर बसाल्टच्या धारेवर घासत असेल तर खाली पॅड घालायचं.

हे शिकायला उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली इथल्या गिर्यारोहण संस्था आहेत. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. इथे चूक होते ती तयारीची. बेसिकला 'अ' श्रेणी मिळाली तरच ॲडव्हान्सचा दरवाजा उघडतो, म्हणून पाठीवर वजन घेऊन यवतेश्वर किंवा अजिंक्यतारा चढायचा सराव काही महिने आधीच सुरू करा. जागा लवकर भरतात, अर्ज वर्षभर आधी टाका. स्वतःची संस्था काढायची असेल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. विमा आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण त्यासोबतच.

नेम चांगला असेल तर

साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी कंपाउंड (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या) तिरंदाजीची जगज्जेती झाली. त्याच वर्षी साताऱ्याच्याच पार्थ साळुंखेने युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. ते बघून काही पालक आधी महागडं धनुष्य आणतात, मग प्रशिक्षक शोधतात. धनुष्य किती ताणायचं हे हाताच्या लांबीवर ठरतं, वाढत्या वयात ते बदलतं. सुरुवातीला अकॅडमीतलंच वापरा. पदकापर्यंत सगळे पोचत नाहीत, पण प्रशिक्षक होता येतं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोर्स केलेल्याला शाळा आणि अकॅडमीत मान आहे.

सीझन संपला की पैसे संपतात

कास पठाराची फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबर, पाचगणीचं पॅराग्लायडिंग पावसात बंद, वासोट्याची वाटही पावसाळ्यात बंद. एकाच कामावर बसलेला मुलगा सहा महिन्यांत पुण्याला कंपनीत जातो. म्हणून दोन-तीन कामं एकमेकांत गुंफा: फुलांच्या दिवसांत गाईड, हिवाळ्यात शाळांची शिबिरं, घरी जागा असेल तर दोन खोल्यांचं होमस्टे. आणि मोठ्या ग्रुपबरोबर "आधी अनुभव घे, मग बघू" या बोलीवर सीझनच्या सीझन फुकट राबू नका. पहिल्या दोन-चार ट्रेकनंतर रोजचा दर, जेवण-प्रवास कुणाचा आणि अपघात झाला तर विम्यात तुमचं नाव आहे की नाही, हे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या.