कॉन्टेसाचा जुना एसी पुन्हा थंड कसा केला

आमची जुनी कॉन्टेसा गाडी रत्नागिरीत असते. तिचा एसी मूळचा आर-१२ गॅसवरचा. ओझोन थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर हा गॅस हळूहळू हद्दपार झाला, म्हणून त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए गॅसवर यायचं ठरवलं.

नुसता नवा गॅस भरून भागत नाही. जुन्या सिस्टीममधलं मिनरल ऑइल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. ते गॅसबरोबर फिरून कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून सगळ्या लाइन फ्लश करून एस्टर ऑइल घातलं. ओ-रिंग (सांध्यांची रबरी कडी) आणि सिस्टीममधली ओल शोषणारा ड्रायर नवे टाकले.

खरा फरक पडला तो कंडेन्सरमुळे, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीमुळे. खाऱ्या वाऱ्याने जुन्याची पाती इतकी खाल्ली होती, की बोट लावलं तरी पांढरी पूड गळायची. त्या जागी बसेल तेवढा मोठा पॅरलल फ्लो (गॅस एकाच वेळी अनेक नळ्यांतून नेणारा) कंडेन्सर लावला, वर इलेक्ट्रिक पंखा. उन्हात आर-१३४ए चा दाब आर-१२ पेक्षा जास्त चढतो, तेव्हा इथे पैसे वाचवू नका.

गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा ओढून काढतात, त्या व्हॅक्यूमला घाई तर अजिबात नको. आपल्याकडची दमट हवा पाइपात शिरते, ओल राहिली की गॅस जिथे बारीक भोकातून सुटून थंड होतो त्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो. मेकॅनिक दहा मिनिटांत उरकत होता. मी पाऊण तास पंप चालू ठेवायला लावला, मग बंद करून दाबाचा काटा हलत नाही ना ते पाहिलं. गॅस वजनावर भरला, मूळ आर-१२ च्या वजनाच्या साधारण ८५ टक्के.

आता कंडेन्सर अधूनमधून गोड्या पाण्याने धुतो. पाण्याची धार हलकी ठेवा, जोराने पाती वाकतात.